'द रोड'मधली ट्रॉली: प्रतीक की नुसती हातगाडी?

पानपलट: कॉर्मॅक मॅकार्थींच्या 'द रोड' (२००६) या कादंबरीत जगाची राख झाली आहे. बाप आणि लहान मुलगा दक्षिणेला, समुद्राकडे चालत निघालेत आणि संसार आहे सुपरमार्केटच्या ट्रॉलीत. ट्रॉलीच का? १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ती आणली, कारण टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवायचं. 'अजून घ्या' म्हणणारी वस्तू आता घेण्यासारखं काहीच नसलेल्या जगात फिरते आहे. माझ्या मते हे ग्राहक संस्कृतीचं मढं आहे, आणि बाप ते ढकलतोय.

नटबोल्ट: सहमत नाही. चाकाचा प्रसंग पुन्हा वाचा. पुढचं चाक डगमगायला लागतं. बाप ट्रॉली रिकामी करतो, बोल्ट काढतो, आतलं भोक हाताच्या ड्रिलने मोठं करतो, हॅकसॉने पाइपचा तुकडा मापात कापून आत बसवतो आणि पुन्हा आवळतो. याला बुश बसवणं म्हणतात. भोक घासून मोठं झालं की चाकाला खेळ येतो, मग गाडी एका बाजूला ओढते. नुसता बोल्ट आवळून खेळ जात नाही, उलट चाक जाम होतं. मॅकार्थी हे इतकं नेमकं लिहितात, कारण ट्रॉली तिथे ट्रॉलीच आहे.

पानपलट: बरं. मग कोका-कोलाचा डबा सापडतो त्या सुपरमार्केटचं काय? ट्रॉली बाहेर पार्किंगमध्ये उभी करून दोघं हात हलवत आत जातात! हे काय सहज सुचलं असेल?

नटबोल्ट: कचरा पसरलेल्या बोळांतून भरलेली ट्रॉली रेटून दाखवा. आणि खरं गरजेचं सामान दोघांच्या पाठपिशव्यांत असतं, ट्रॉली टाकून पळायची वेळ आली तर म्हणून. तशी वेळ येतेही: ट्रकवाल्या टोळीशी गाठ पडल्यावर ट्रॉली सोडावी लागते आणि परत येतात तेव्हा ती लुटलेली असते. जी वस्तू टाकून द्यायच्या तयारीनेच वागवली जाते, तिच्यावर संस्कृतीचं ओझं कशाला?

काठावरची: दोघंही चाकाशी आणि दुकानाशी अडकलात. ट्रॉलीचा खरा अर्थ समुद्रकिनाऱ्यानंतर उघडतो. चोर ट्रॉलीसकट सगळं सामान पळवतो. रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून माग काढून बाप त्याला गाठतो. सामान परत मिळालंय, तिथे थांबता आलं असतं. पण तो चोराला अंगावरचे कपडे, बूटसुद्धा ट्रॉलीत टाकायला लावतो. म्हणजे ट्रॉली आता लुटीने भरलेली आहे, आणि ढकलणारा बाप 'चांगल्यांपैकी' म्हणवणारा. मुलगा रडतो तो यासाठी. पुढे ते कपडे परत नेऊन रस्त्यावर ठेवतात, पण चोर सापडत नाही.

नटबोल्ट: हे मात्र पटलं. तरी त्याला प्रतीक म्हणणार नाही, पुरावा म्हणेन. चोर झोळी घेऊन पळाला असता तरी प्रसंग तोच राहिला असता.

काठावरची: नसता राहिला. झोळी घेऊन तो झाडीत शिरला असता. भरलेली ट्रॉली रेटत झाडीतून पळता येत नाही, म्हणून तर चोर सापडला. (अवांतर: तिच्या दांड्याला मोटारसायकलचा आरसा बांधलेला आहे, मागचा रस्ता दिसावा म्हणून. त्यावर वेगळा धागा हवा.)