बँड आला नाही की लगेच नवे प्रायमर?

कातळसडा: एमएस्सीच्या एका मुलीला एका सीनियरने दिलेला सल्ला वाचला: "पीसीआरला बँड येत नाही ना, मग नवे प्रायमर मागव." पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं; त्या तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए म्हणजे प्रायमर; आणि प्रती झाल्या तर जेलवर दिसतो तो पट्टा म्हणजे बँड. सल्ला अजिबात पटला नाही. ती हापूसच्या जून पानांतून सीटॅबने (साबणासारखं रसायन) डीएनए काढतेय. त्या पानांत पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं) आणि पॉलिसॅकराइड (चिकट शर्करा) ठासून भरलेले. ते डीएनएबरोबर उतरतात आणि टॅकला, म्हणजे प्रती काढणाऱ्या एन्झाइमला, कामच करू देत नाहीत. प्रायमर बदलून काय होणार? आधी टेम्प्लेट, म्हणजे काढलेला डीएनए, १:१० आणि १:१०० पातळ करून लावा, मिक्समध्ये थोडं बीएसए (असे अडथळे धरून ठेवणारं प्रोटीन) घाला. शेजारी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यावर बँड येतो हे माहीत आहे असा डीएनए, हवाच.

जेलदादा: तो सल्ला माझाच. तिचं २६०/२८० (त्या दोन तरंगलांबींना प्रकाश किती शोषला जातो त्याचं गुणोत्तर) होतं १.८. डीएनए स्वच्छ आहे.

कातळसडा: त्या आकड्यावरून प्रोटीन कळतं. पॉलिसॅकराइडसाठी २६०/२३० बघायचं. ते विचारलंत का तिला?

उणेवीस: तुमचं दोघांचं चालू द्या, पण लॅबचा फ्रीजर कोणी बघतं का? आमचा फ्रॉस्ट-फ्री आहे, बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून आपणच गरम होतो. वर उन्हाळ्यात वीज जाते आणि जनरेटर फक्त ऑफिसला!

जेलदादा: एन्झाइमला काही होत नाही. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतो, उणे २० ला गोठत नाही.

उणेवीस: एन्झाइमचं कोण बोलतंय? डीएनटीपी, म्हणजे नव्या डीएनएच्या विटा, पाण्यात असतात. सारखे वितळून गोठले की खराब होतात. छोटे अलिकॉट (थोडे थोडे वेगळ्या ट्यूबांत) करू द्या म्हणून मी सांगून थकलो. उत्तर काय, तर "ट्यूबा वाया जातात." आणि बँड आला नाही की पोरांचा हात वाईट! माझ्या ज्युनिअरने हे ऐकून पीएचडी सोडली.

जेलदादा: इथे पीसीआरबद्दल बोलतोय आपण.

उणेवीस: मीही त्याबद्दलच बोलतोय. दोष शोधायचा तर फ्रीजरपासून शोधा, पोरीपासून नको.

पिपेटवाली: फ्रीजरचं खरंय. आमच्याकडेही हेच.

जेलदादा: बरं, डायल्यूशन आधी, मान्य. पण पॉझिटिव्ह कंट्रोललाही बँड आला नाही तर मी प्रायमर मागवायलाच सांगणार.

कातळसडा: तेव्हाही आधी डीएनटीपीची न उघडलेली ट्यूब घ्या. आणि ती दुसऱ्या लॅबच्या फ्रीजरमधून आणा.