रक्त द्यायला गेलात आणि परत पाठवलं? अनुभव सांगा

रानजाई
भाची नुकतीच अठराची झाली. खूप दिवस मनात होतं तिच्या, परवा मैत्रिणींबरोबर रक्तदानाला गेली. बोटातून थेंब घेतला, हिमोग्लोबिन निघालं ११.९. तिथे १२.५ लागतं. मैत्रिणी आत आणि ही बाहेर बाकावर. घरी आली, "माझं रक्त नको म्हणाले" एवढंच बोलली आणि खोलीत गेली.

ते ऐकलं आणि मला बाबांचं ऑपरेशन आठवलं. मी बाही वर करून तयार होते. डॉक्टर म्हणाले, मुलीचं नको, बाहेरच्या कुणाचं तरी घेऊ. गट तर जुळत होता! सख्ख्या बापाला माझं रक्त चालत नाही आणि अनोळखी माणसाचं चालतं, हे कितीतरी वर्षं सलत राहिलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्या धावपळीत मीही विचारलं नाही.

म्हणून हा धागा. परत पाठवलेल्यांनी लिहा, नेमाने देणाऱ्यांनी लिहा, आणि ज्यांना द्यावंसं वाटत नाही त्यांनी तर नक्की लिहा. इथे कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

टिंबटिंब
वजन! दर वेळी वजन. काट्यावर उभी राहिले की सिस्टर मान हलवते. आता तर चेहऱ्याने ओळखतात.

पेढीतला_मी
रक्तपेढीत काम करतो. दोन ड्युटींच्या मधे लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

रानजाईताई, आधी तुमच्या बाबांचं. जवळच्या नात्यात पेशींवरच्या खुणा बऱ्याच जुळतात. त्यामुळे पेशंटचं शरीर आलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना परकं मानत नाही आणि त्यांना मारत नाही. त्या पेशी मात्र पेशंटला परकं मानतात. त्याच्या अस्थिमज्जेवर, कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर उलटतात. फार क्वचित होतं, पण झालं तर दहातले नऊ पेशंट हातचे जातात. पिशवीवर किरणांचा मारा करून हे टाळता येतं, पण ते यंत्र सगळीकडे नसतं. म्हणून डॉक्टर सरळ बाहेरचं रक्त घेतात. तुमच्या रक्तात काहीही खोट नव्हती, ताई.

टिंबटिंब, अंगातल्या एकूण रक्ताच्या साधारण १३ टक्क्यांहून जास्त एका वेळी काढायचं नाही, असा हिशोब असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत ३५० मिलीसाठी ४५ किलो आणि ४५० मिलीसाठी ५० किलो वजन आहे. सिस्टर मान हलवते ती तुम्ही जिन्यात चक्कर येऊन पडू नये म्हणून.

भाचीचं संध्याकाळी लिहितो, बोलावणं आलं.

रानजाई
पेढीतला, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. खूप आभार तुमचे.

गच्चीवरून
मी देत नाही. सुईची भीती वाटते आणि ती खरी भीती आहे. सुई दिसली की कानात शिट्टी वाजते, घाम फुटतो, पुढचं काही आठवत नाही. लोक म्हणतात मुंगी चावल्यासारखं वाटतं, घाबरतेस काय. त्यांना कसं सांगू. नवरा देतो, मी त्याला न्यायला-आणायला जाते आणि बाहेर थांबते.

आजोळ
अगं गच्ची तू इथे!! पायाचं प्लॅस्टर निघालं का??

गच्चीवरून
निघालं गं, मागच्या आठवड्यात. अजून जिना उतरताना धरून उतरते. तू बोल, सूनबाई कशी आहे?

आजोळ
सातवा लागला. सूनेचा रक्तगट निगेटिव्ह आणि माझ्या मुलाचा पॉझिटिव्ह, म्हणून आईच्या शरीराने बाळाच्या रक्तावर उलटू नये यासाठी ते अँटी-डीचं इंजेक्शन देतात ना, ते दिलं. माझ्या आईच्या काळी हे नव्हतंच. तिची पहिली सुखरूप, पुढची दोन गेली. कारण कुणाला कळलंच नाही.

कोरापान
आजोळ, ते इंजेक्शन दान केलेल्या प्लाझ्मापासूनच (रक्तातला पातळ, पिवळसर भाग) बनतं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन आठवले. चौदाव्या वर्षी छातीचं मोठं ऑपरेशन झालं, बरंच रक्त चढवावं लागलं, तेव्हाच ठरवलं की अठरा पूर्ण झाली की आपणही द्यायचं. १९५४ मध्ये सुरू केलं आणि २०१८ पर्यंत म्हणजे वयाच्या ८१ पर्यंत देत राहिले, एकूण ११७३ वेळा! त्यांच्या रक्तात अँटी-डी भरपूर होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. आणि गच्ची, तुझ्यासाठी खास: त्यांनाही सुई बघवत नसे, दर वेळी दुसरीकडे बघायचे.

गच्चीवरून
खरंच??? हे नवऱ्याला आत्ताच्या आत्ता सांगते.

उंबरठा
मला परत पाठवलं ते केस गळतीच्या गोळीमुळे. बीपी ठीक, हिमोग्लोबिन १५, सगळं झकास. फॉर्मवर औषधं लिहिली आणि डॉक्टर म्हणाले, गोळी बंद केल्यावर महिन्याने या. आधी वाटलं गंमत करतायत. मग नीट सांगितलं त्यांनी. त्या गोळीतलं फिनास्टेराइड रक्तात उतरतं, ते रक्त गरोदर बाईला चढलं आणि पोटात मुलगा असला तर त्याच्या वाढीत दोष येऊ शकतो. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनचंही असंच. माझी पिशवी कुणाला जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून नियम सगळ्यात नाजूक पेशंट डोळ्यासमोर ठेवून करतात, असं म्हणाले. मला फार पटलं. घरी येऊन मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, त्यातले तिघे तीच गोळी घेत होते.

मुक्कामपोस्ट
आमचं वेगळंच. शिक्षणासाठी ९० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये होतो, नंतर अमेरिका. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये ३ महिने राहिलेल्या कुणाचंही रक्त अमेरिकेत घेत नसत. मॅड काऊ रोगाची (दूषित गोमांसातून माणसाला होणारा मेंदूचा आजार) भीती, आणि ते रक्तात आहे का हे बघायची चाचणी नव्हती. ऑफिसातले सगळे आत जायचे, मी टेबलावर नावं लिहून घ्यायचो. कंटाळा नाही आला, कुणीतरी ते काम करायलाच हवं होतं. २०२२ मध्ये बंदी उठली. आता जमेल तेव्हा देतो. दंडावरची पट्टी त्या दिवशी काढवत नाही.

निनावी_आज
नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये. ऑफिसात शिबिर असलं की माझ्या पोटात गोळा येतो. मला लहानपणी एक आजार झालाय, त्यामुळे मी कायमची बाद. पण साहेब सगळ्यांसमोर नावं पुकारतात, "काय, तुम्ही नाही?" प्रत्येक वेळी काय सांगायचं? गेल्या वेळी रजा टाकली. देणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. फक्त न देणाऱ्याला कारण विचारू नका एवढंच.

टिंबटिंब
निनावी 🙏 अगदी मनातलं. आणि कारण खाजगी असतं हे साहेब लोकांना कळत कसं नाही.

पेढीतला_मी
निनावी, तुमचं वाचून थांबलो जरा. अशा दबावाची आम्हालाही भीती वाटते. चारचौघांत नाही म्हणता येत नाही म्हणून माणूस फॉर्मवर खोटं लिहितो आणि देऊन जातो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हे तपासलं जातं. पण लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत मधे काही काळ जातो. नव्या चाचण्यांनी तो काही दिवसांवर आणलाय, शून्यावर नाही. तेवढ्या फटीत आमच्या हातात फक्त दात्याचं खरं उत्तर असतं. टॅटूनंतर थांबायला सांगतात तेही यामुळेच. म्हणून काही ठिकाणी नंतर फोन करून "माझी पिशवी वापरू नका" सांगायची सोय असते, कारण विचारत नाहीत.

आता भाची. एका ४५० मिलीच्या पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. प्लाझ्मा दिवस-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे, लोहाचा साठा भरायला त्याहून बराच वेळ. दर महिन्याच्या पाळीत आधीच जात असतं, म्हणून मुलींचा साठा मुळात कमी. ११.९ ला घेतलं असतं तर तिलाच धाप लागू शकली असती. डॉक्टरांना दाखवून फेरिटिन (त्यावरून लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या, गोळ्या मनाने सुरू करू नका. तिला सांगा, एका थेंबाने तिची कमतरता अठराव्या वर्षी कळली, हे चांगलंच झालं.

सावलीतली
माझा मुलगा थॅलेसीमियाचा, अंगात रक्त नीट बनत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त. भात चढवलाय, पटकन लिहिते.

लोक मोठी दुर्घटना झाली की रांगा लावतात. चांगलंच आहे. पण तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ ते ७ दिवस. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत इतकं जमलं की बरंचसं मुदत संपून टाकावं लागलं. माझ्या मुलाला रक्त लागतं ते अगदी साध्या मंगळवारी, ज्या दिवशी बातम्यांत काही नसतं. सुट्ट्यांच्या दिवसांत पेढीतून "थोडं थांबा" असा फोन येतो तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडत जाताना बघावा लागतो. सगळे एकाच दिवशी देऊ नका हो. मधल्या रिकाम्या दिवसांत द्या.

ज्यांची पिशवी त्याला आजवर मिळाली त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

कोरापान
सावलीतली, काय बोलू. माझा ओ पॉझिटिव्ह, अगदी कॉमन. मला कशाला बोलावतील म्हणून गेलोच नव्हतो.

सावलीतली
त्याचाही ओ पॉझिटिव्ह आहे.

कोरापान
उद्या जातो.

आजोळ
ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना? मग तेच जमवून ठेवत का नाहीत

पेढीतला_मी
आजोळ, असे लोक थोडे असतात, जमवणार किती? ते तातडीच्या वेळी, गट तपासायला उसंत नसते तेव्हासाठी राखून ठेवतात. आणि "सगळ्यांना" हेही पूर्ण खरं नाही. बॉम्बे रक्तगटाच्या लोकांना ओ सुद्धा चालत नाही. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला तो गट, म्हणून हे नाव. साध्या तपासणीत ओ वाटतो, पण क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त एकत्र तपासताना, नेहमीच्या गटांची कुठलीच पिशवी जुळत नाही.

गच्चीवरून
एक विचारू? भीती वाटणाऱ्यांसाठी काही उपाय आहे का? देईनच असं नाही, नुसतं विचारतेय.

पेढीतला_मी
आहे ना. आधी अर्धा लिटर पाणी पिऊन या. सुई टोचताना आणि नंतर मांड्या-पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या. बीपी पडत नाही, चक्कर बरीच टळते. आधीच सांगून ठेवायचं म्हणजे आडवं झोपवून घेतात. नाही जमलं तर नाही. तुम्ही नवऱ्याला न्यायला-आणायला जाता, त्यामुळे त्याचं देणं चालू राहतं.

आजोळ
मी येते गं तुझ्याबरोबर. सूनबाईचं होऊ दे, मग ठरवू

उंबरठा
कान टोचून दोन महिने झालेत, चालेल का?

पेढीतला_मी
काही देशांत चार महिने थांबवतात, काही ठिकाणी वर्षभर. जिथे देणार तिथे आधी फोन करा, फेरी वाचेल. आणि ती गोळी बंद होऊन महिना झालाय ना?