पहिल्या वेतानंतर त्स्वाना गायी माजावर का येत नाहीत?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. बोट्स्वानातील घान्झी भागात मांसासाठी पाळलेल्या त्स्वाना आणि तुली गायींच्या कळपाची व्यवस्था माझ्याकडे आहे. वळू जानेवारी ते मार्च कळपात असतात, त्यामुळे वासरे ऑक्टोबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जन्मतात. कालवडी पहिल्यांदा गाभण राहतात, त्यात अडचण नाही. परंतु पहिले वासरू अंगावर पीत असताना त्यांतल्या अनेक पुढच्या हंगामात माजच दाखवत नाहीत. यंदा पाऊस लांबला, आणि गाभण तपासणीत रिकाम्या निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या वेताच्याच होत्या. मालकांच्या मते स्थानिक जातच कमी प्रजननक्षम आहे आणि विदेशी वळू आणावेत. मला ते पटत नाही. दोष जातीचा नसेल, तर पाऊस, ऊन आणि चारा यांपैकी नेमके काय आड येते?

रवंथ

आधी दिवसांचा हिशेब पाहू. गाभणकाळ सुमारे २८५ दिवसांचा धरला, तर दरवर्षी वासरू हवे असल्यास व्याल्यानंतर ८० दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे. तुमच्याकडची ऑक्टोबरमध्ये विणारी गाय कोरड्या हंगामाच्या अगदी शेवटी विते, म्हणजे मे महिन्यापासून वाळत गेलेल्या, प्रथिने जेमतेम उरलेल्या गवतावर तिने गर्भाचे शेवटचे महिने काढलेले असतात. वळू जानेवारीत सुटत असले, तरी ती माजावर येईल की नाही हे बरेचसे व्यायच्या दिवशीच्या तिच्या अंगावरील मांसावर ठरलेले असते. नंतर पाऊस चांगला झाला, तरी ती तूट वेळेत भरून निघत नाही.

पहिल्या वेताच्या गायीवर तर तिहेरी ओझे असते: ती स्वतः वाढत असते, वासराला पाजत असते आणि तीन वर्षांच्या आसपास तिचे पुढचे दातही बदलत असतात. दुधाचे दात पडून नवे अर्धवट वर आलेल्या गायीला आखूड, राठ गवत नीट तोडता येत नाही. तोंड उघडून पाहिल्याशिवाय हे ध्यानात येत नाही. त्यात वासराच्या सतत पिण्याने बीजकोषाला चालना देणारी संप्रेरके दबून राहतात. गाय मध्यम अंगाची असेल, तर वासरू ४८ तास वेगळे ठेवल्याने माज येण्यास मदत होऊ शकते. फासळ्या दिसणाऱ्या गायीत मात्र त्यावर भिस्त ठेवू नये.

खुरवाट

आपल्या गायी पाणवठ्याजवळ पडलेली हाडे चघळताना दिसतात का?

माळरान

होय. यंदा एक तरुण गाय कितीतरी वेळ जुने हाड तोंडात घोळवत उभी होती. आम्ही ते हिसकावून घेतले, पण कारणाचा विचार केला नाही.

खुरवाट

मग स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असण्याचा दाट संशय आहे. दक्षिण आफ्रिकेत व्रायबर्गजवळच्या आर्मूडस्फ्लाक्त येथे पशुवैद्यक आर्नोल्ड थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच उलगडून दाखवले: स्फुरद कमी पडले की गुरे हाडे चघळतात, त्यावरील कुजलेल्या मांसातून त्यांना बोट्युलिझम ही जीवाणूंच्या विषाची बाधा होते, आणि हाडांची भुकटी खाऊ घातली की ही सवय सुटते. याच कमतरतेने गायींचा माजही लांबतो. स्फुरदाचे चाटण पावसाळ्यात, हिरवे गवत असताना द्यावे. कोरड्या महिन्यांत आधी प्रथिनांची उणीव भरून काढावी, कारण प्रथिनांविना नुसते स्फुरद फारसे अंगी लागत नाही. बोट्युलिझमची लस चुकवू नका.

रवंथ

विदेशी वळूंबद्दल मी स्पष्टच लिहितो. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंश कमी राहावे लागते आणि शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात. म्हणून डिसेंबरच्या उष्णतेने दबलेल्या वळूची उणीव फेब्रुवारीतही जाणवते. आखूड, गुळगुळीत केसांचा त्स्वाना वळू त्या उन्हात गायींमागे चालत राहतो. दाट केसांचा वळू सावली सोडत नाही. शिवाय संकरित गाय मोठ्या अंगाची आणि जास्त दुधाची निघाली, तर त्याच गवतावर ती आणखी उशिरा माजावर येईल. मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकॅनर या स्थानिक जातीत व्याल्यानंतरचा माजविरहित काळ लांब असल्याचे आढळले आहे, त्यामुळे जातीचा भाग शून्य आहे असेही म्हणता येणार नाही.

माळरान

मनापासून आभार. कालवडी महिनाभर आधी वळूकडून भरवून घ्याव्यात, असा सल्ला मला मिळाला होता. पण त्या सप्टेंबरमध्ये, सर्वांत वाईट चाऱ्यावर वितील, हे आता उमगते आहे. जूनपासून गाभण कालवडींचा गट वेगळा करून त्यांना प्रथिनांचे चाटण देतो आणि व्यायच्या दिवशी प्रत्येकीच्या अंगाची नोंद ठेवतो.

खुरवाट

त्या नोंदीत दातांचाही रकाना असू द्या.