टाकीचा विषय होता, शाळेत शिरला

(साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर. आमच्या सोसायटीचा ग्रुप, मे महिन्यातला गुरुवार, रात्री ९ नंतर. मधले अंगठे आणि एक लग्नाची पत्रिका गाळली आहे.)

चेअरमन: शनिवारी सकाळी ७ ला टाकी धुवायला माणसं येणार. कुणीतरी वर उभं राहायला पाहिजे. ४०२ च्या मॅडम शिक्षिका, शाळेला सुट्टीच आहे, त्यांनी बघावं.

२०१: करेक्ट. दीड महिना बसून पगार, एक दिवस टाकी बघितली तर काय झिजतंय काय 😄

४०२ मॅडम: शनिवारी मतदारयादीचं काम आहे. बीएलओ आहे मी, म्हणजे घरोघरी फिरून यादी तपासायची.

२०१: मॅडम, राग मानू नका. पण मी शिरोलीत फौंड्रीत. मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहून बघा एकदा. पोरास्नी ऊन लागतंय म्हणून शाळा बंद, बापाला लागत न्हाई व्हय?

३०३ मावशी: हे मात्र खरं बोललास. गेल्या लक्ष्मीपूजनाला मी वॉर्डात सलाईन लावत होते. घरी आले तेव्हा करंज्या संपलेल्या.

४०२ चे मिस्टर: ती बोलणार नाही, मीच बोलतो. मी सरकारी हापिसात कारकून, त्यामुळं दोघांच्या रजेचा हिशेब मला पाठ आहे. माझ्या खात्यावर वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, म्हणजे कमावलेली भरपगारी रजा, चढते. तिच्या नाही, कारण शाळा म्हणजे दीर्घ सुट्टीचा विभाग. तिला २० दिवस अर्धपगारी. मी रिटायर होताना ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे घेऊन येणार, तिच्या त्या रकान्यात किरकोळ काहीतरी. फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून आम्हाला शनिवार सुट्टी झाली, त्यातून शाळा वगळल्या. मावशी, तुमचे दवाखाने पण वगळले. तर मे महिना फुकटचा नाही हो, वर्षभर हप्ते कापून मिळालेला आहे. आणि तो पण आपल्या सोयीनं नाही. गेल्या ऑगस्टात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात जावई बसलाय आणि लेक वर्गावर. सासरे डोळ्याला पट्टी बांधून मलाच विचारतात, "आलीस काय गं?"

२०१: मग दोन्ही द्या म्हणावं. आमच्यात कायद्यानं २० दिवस कामाला १ दिवस रजा. कागदावर. मागितली की सुपरवायझरचं तोंड कारल्यागत होतंय.

१०१ वकीलकाका: एक गंमत सांगतो. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, कायदा १९७२ चा. २००४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यातल्या "कर्मचारी" शब्दाच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. गिरणीतला कामगार बसतो, कचेरीतला क्लार्क बसतो, मास्तर नाही! संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करावी लागली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळावाले परत भांडत गेले, २०२२ ला हरले. लाड कसले, रांगेत उभं करून घ्यायलाच एवढी वर्षं गेली.

२०१: काका, पण कोल्हापुरात मास्तरला मान हाय.

१०१ वकीलकाका: मान आहेच. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला महिना १ रुपया दंड.

२०१: बघा! दंड बापालाच 😂

२०४ सर: मी पण शिक्षक आहे, पण या यादीत मला धरू नका. विनाअनुदानित. आमच्या स्टाफरूममध्ये एकाच टेबलाला तीन पगार बसतात: पूर्ण अनुदानाचा, टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या अनुदानाचा आणि घड्याळी तासाचा. डबा सगळ्यांचा एकच, पगार भाजीवरून ओळखू येतो. शिक्षण सेवक म्हणून लागलात तर पहिली ३ वर्षं मानधन. प्राथमिकला ते ६,००० होतं, २०२३ ला १६,००० झालं. तासावरच्याला मे महिना म्हणजे शून्य. मी सध्या मेव्हण्याबरोबर मार्केट यार्डात आंब्याच्या पेट्या उतरतोय. २०१, खांदा दुखतोय राव.

२०१: आं? सर, मला वाटलं सगळ्यास्नी सारखंच.

३०३ मावशी: आमच्यात पण तेच. कायम वेगळे, कंत्राटी वेगळे. सुई एकच.

चेअरमन: मंडळी, टाकी.

४०२ मॅडम: दोन मिनिटं. मला जादा काही नको. २०२४ ला शासनानं जीन्स-टी-शर्ट नको म्हणून सांगितलं आणि नावामागं "टि" लावायला सांगितलं, डॉक्टरांच्या "डॉ." सारखं. एवढ्यावर भागलं म्हणायचं. पण काल ३१ घरं फिरले, १४ ना कुलूप. एका ठिकाणी म्हणाले, आत्ता नको, मॅच चालू आहे. शाळा सुरू झाल्या की पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसचे (शाळांच्या सरकारी माहितीचे) रकाने, कुणाचं आधार जुळत नाही ते. सातवीचा अपूर्णांक मधल्या सुट्टीत शिकवायचा काय?

१०१ वकीलकाका: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये बिगरशैक्षणिक कामाला बंदी आहे. पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून.

४०२ मॅडम: माहीत आहे काका. आपत्तीचं कुणी कधी टाळलं नाही. मी तांदळाचं बोलतेय.

२०१: ते खरं. २०१९ च्या महापुरात आमची आई शिरोळकडं शाळेतच होती आठ दिवस. मास्तरच खिचडी वाढत होते. एक सर तर रात्री आईच्या बीपीच्या गोळ्या हुडकत हिंडले. त्यांचं स्वतःचं घर पाण्यात.

(इथं ग्रुप चार-पाच मिनिटं गप्प.)

२०१: शनिवारी माझी सेकंड शिफ्ट हाय. टाकीवर मी थांबतो सकाळी. पण दीड महिना सुट्टी जास्तच हाय, ह्यावर मी ठाम हाय.

४०२ चे मिस्टर: असू दे की. चहा आमच्याकडनं.

चेअरमन: ठरलं. ७ ते ११ पाणी बंद. शुक्रवारी रात्रीच बादल्या भरून ठेवा, सकाळी मला फोन करू नका.