हूवरची एसईसी बेसबॉल टूर्नामेंट: आता नुसती जत्रा उरलीये का?

डाव्या_हाताचा

मे २०२५ मध्ये हूवरला व्हँडरबिल्टने ओल मिसला ३-२ हरवून एसईसी टूर्नामेंट जिंकली, दुसऱ्याच दिवशी त्यांना अख्ख्या देशात एक नंबरचं सीड (स्पर्धेआधी ठरणारा क्रमांक) मिळालं, आणि पुढच्या वीकेंडला स्वतःच्याच मैदानावर लुइव्हिल आणि राइट स्टेटकडून हरून गाशा गुंडाळला. ओमाहाला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, जिंकलं कोण? एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), जी हूवरला सेमीफायनलमध्येच बाहेर पडली होती.

ज्यांना कॉलेज बेसबॉलची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसईसी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांची कॉन्फरन्स, आता १६ टीम. दहा वीकेंड, दर वीकेंडला तीन मॅच, अशा तीस लीग मॅच झाल्या की अलाबामातल्या हूवर गावात ही टूर्नामेंट, आणि मग ६४ टीमची राष्ट्रीय स्पर्धा, जिचा शेवट ओमाहाला. टूर्नामेंट जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. पण एसईसीतून तशाही दहा-बारा टीम जातातच, मग जिंकणाऱ्याला नवीन काय मिळालं?

आता हे बघा. २०१० ला साउथ कॅरोलायना हूवरला दोन्ही मॅच हरली आणि महिनाभरात नॅशनल चॅम्पियन. २०२१ ला मिसिसिपी स्टेटला फ्लोरिडाने १३-१ आणि टेनेसीने १२-२ धुतलं, दोन्ही मॅच रन रूलवर (फार मोठी आघाडी झाली की मॅच थांबवायचा नियम) लवकर संपवाव्या लागल्या, तेही चॅम्पियन. २०२२ ला ओल मिस मंगळवारी पहिलीच मॅच व्हँडरबिल्टकडून हरून घरी गेली, राष्ट्रीय स्पर्धेत अगदी शेवटच्या जागांपैकी एक कशीबशी मिळाली, आणि ट्रॉफी त्यांचीच. माझं म्हणणं सरळ आहे, ही टूर्नामेंट बंद करा, पोरांना आठवडाभर विश्रांती द्या.

बॅटनरूजचा_बाब्या

भाऊ तुम्ही सोयीची वर्षं तेवढी निवडलीत. २००९ ला एलएसयूने हूवर पण जिंकलं आणि ओमाहा पण. २०१९ ला व्हँडरबिल्टने दोन्ही. २०२४ ला टेनेसीने दोन्ही, आणि ते सुद्धा एक नंबरचं सीड असताना, जे १९९९ च्या मायामीनंतर कुणाला जमलं नव्हतं. मग आता मी म्हणू का की हूवर जिंकल्यामुळे ओमाहा जिंकता येतं? दोन्हीकडून काहीच सिद्ध होत नाही राव.

आणि २०१० चं सांगताय तर पूर्ण सांगा ना. त्या वर्षी हूवर जिंकली आमची एलएसयू, लीगमध्ये रडतखडत सीझन काढून तळाच्या सीडवरून. ज्या टीमचा सीझन वाया गेला होता तिला हातात धरायला काहीतरी मिळालं. पॉल मॅनिएरी कोच असताना एलएसयूने ही टूर्नामेंट सहा वेळा जिंकली, २००८, ०९, १०, १३, १४, १७. एकूण बारा, एवढ्या कुणाकडेच नाहीत. त्या माणसाने कधी हूवरला दुय्यम मानलं नाही.

सिएटलकर

डाव्या_हाताचा यांना पूर्ण पाठिंबा. आमच्या इकडे पॅक-१२ मध्ये (पश्चिमेकडची कॉन्फरन्स) २०२२ पर्यंत टूर्नामेंट नावाचा प्रकारच नव्हता. टूर्नामेंट नसतानाच ओरेगन स्टेटने २००६, २००७ आणि २०१८ ला नॅशनल टायटल आणलं, अॅरिझोनाने २०१२, यूसीएलएने २०१३. लीग जिंकली की तुम्ही चॅम्पियन, विषय संपला. मग टीव्हीसाठी म्हणा पैशासाठी म्हणा स्कॉट्सडेलला टूर्नामेंट सुरू केली, तीन वर्षं चालली, स्टॅनफर्ड, ओरेगन, अॅरिझोना असे तीन विजेते झाले आणि मग कॉन्फरन्सच फुटली. (टूर्नामेंटमुळे फुटली असं म्हणत नाहीये, फुटबॉलच्या पैशामुळे फुटली.)

बर्मिंगहॅमची_वहिनी

तुम्ही सगळे निकालांवर भांडताय, ही टूर्नामेंट कशासाठी सुरू झाली ते कुणी बघतच नाहीये. १९७७ च्या आधी ईस्ट आणि वेस्ट डिव्हिजनचे विजेते आपसात खेळून चॅम्पियन ठरवायचे. १९७७ ला पहिली टूर्नामेंट झाली ती ऑक्सफर्डला, ओल मिसच्या मैदानावर, फक्त चार टीम, आणि जिंकली पण ओल मिसनेच. म्हणजे तेव्हा हूवरला पोचणं हाच मान... सॉरी हूवर नंतर आलं, टूर्नामेंटला पोचणं हाच मान होता, लीगमध्ये चौथ्या नंबरच्या खाली गेलात तर घरी बसा. नंतर सहा टीम, मग आठ, मग दहा, २०१३ पासून बारा, आणि टेक्सास-ओक्लाहोमा आल्यावर २०२५ ला सोळाच्या सोळा.

मधे तर आणखी गंमत, १९९३ ते ९५ ईस्टची वेगळी आणि वेस्टची वेगळी अशा दोन टूर्नामेंट व्हायच्या. १९९० ला एलएसयू आणि मिसिसिपी स्टेट दोघांना मिळून विजेते जाहीर केलं. तेव्हा हा प्रकार कधीच एका साच्यात बसलेला नव्हता, दर पाच-दहा वर्षांनी बदललाच आहे, आत्ताच काय आकाश कोसळलंय?

हूवर मेट स्टेडियम १९८८ चं, बर्मिंगहॅम बॅरन्स या मायनर लीगमधल्या टीमसाठी बांधलेलं. मायकल जॉर्डन १९९४ ला बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला आला तो याच मैदानावर, .२०२ ने बॅटिंग केली बिचाऱ्याने. टूर्नामेंट इथे १९९० ला आली, परत १९९६ ला आली, १९९७ ला जॉर्जियातल्या कोलंबसला गेली आणि १९९८ पासून इथेच मुक्काम. २०१३ ला बॅरन्स डाउनटाउनच्या नव्या स्टेडियममध्ये गेले, तेव्हापासून या मेटचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे हा एक आठवडा. आम्ही राहतो तिथून जवळच आहे. बाजूच्या मोकळ्या जागेत आरव्ही (आत राहता येतं अशा गाड्या) लागतात, लोक आठ-आठ दिवस तिथेच राहतात, स्वतःची टीम हरली तरी परत जात नाहीत, दुसऱ्याची मॅच बघतात. संध्याकाळी ढग आले की ग्राउंडवाले ताडपत्री ओढायला धावतात, मग दोन तास थांबा, मग शेवटची मॅच मध्यरात्रीनंतर संपते आणि मागच्या रांगेत कुणाचं तरी पोर खुर्चीत झोपलेलं. जत्रा म्हणताय ना, हो जत्राच आहे, मग?

डाव्या_हाताचा

वहिनी इतिहास छान दिलात पण तुमच्या इतिहासाने माझाच मुद्दा पक्का होतोय. चार टीम होत्या तेव्हा पात्र होण्यालाच किंमत होती. सोळाच्या सोळा घेतल्यावर तीस मॅचचा लीग सीझन कशासाठी खेळायचा?

डेटा_देशपांडे

सीडसाठी. २०२५ च्या फॉर्मॅटमध्ये पहिल्या चार टीमना दोन राउंडचा बाय आहे, त्या थेट क्वार्टरफायनलला उतरतात. मला वाटतं या सगळ्या वादात खरी गोष्ट पिचिंगची आहे आणि ती कुणी बोलतच नाहीये.

लीगची शेवटची सिरीज गुरुवार ते शनिवार असते. म्हणजे एक नंबरचा पिचर गुरुवारी शंभरएक पिच टाकून बसलेला. टूर्नामेंट मंगळवारी सुरू, आणि रीजनल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा चार-चार टीमच्या गटांचा पहिला टप्पा, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. आता कोच काय करणार? बहुतेक राउंड डबल एलिमिनेशन (दोनदा हरलात की बाहेर) होते तेव्हा जिंकायला चार-पाच मॅच लागायच्या, लवकर एक हरलात तर आणखी एक, म्हणून शनिवार-रविवारपर्यंत तिथे असे पिचर दिसायचे ज्यांनी सीझनभर दहा इनिंग टाकलेल्या नसायच्या. ज्या टीमची रीजनलची यजमानी आधीच पक्की तिचा कोच मुख्य पिचरला दोन-तीन इनिंगवर काढून घ्यायचा. मिसिसिपी स्टेटचे ते १३-१ आणि १२-२ स्कोअर याच चष्म्यातून बघा. ती टीम वाईट नव्हती, तिला तिथे जिंकायची घाई नव्हती.

२०२५ पासून सिंगल एलिमिनेशन, हरलात की बॅग भरा. वरच्या चारांना ट्रॉफीसाठी फक्त तीन मॅच. त्यामुळे चांगला पिचर उतरवणं परवडतं आणि फायनल ३-२ अशी घट्ट होते. हा बदल मला पटलाय.

सिएटलकर

पण मग लीग जिंकणाऱ्याचं काय? २०२५ ला टेक्सास एसईसीत पहिल्याच वर्षी लीग जिंकली, तीस पैकी बावीस मॅच, आणि हूवरला पहिल्याच मॅचमध्ये टेनेसीकडून हरून बाहेर. आपल्या आयपीएलमध्ये सुद्धा पहिल्या दोघांना हरल्यावर एक संधी मिळते की.

बॅटनरूजचा_बाब्या

टेक्सासचं काय गेलं त्यात? लीगची ट्रॉफी त्यांच्याकडेच आहे, रीजनलची यजमानी पण मिळाली. रडायचं असेल तर टेक्सास ए अँड एमसाठी रडा, सीझनआधी देशात एक नंबर, लीगमध्ये १४ व्या सीडवर घसरले. जुन्या बारा टीमच्या नियमात ते हूवरला आलेच नसते. इथे आले, मिसिसिपी स्टेटला हरवलं, ऑबर्नला हरवलं, मग एलएसयूशी ४-३. एका रनने हरले. नाही मिळाली राष्ट्रीय स्पर्धेत जागा, पण त्या तीन दिवसांत त्यांच्या लोकांना वाटत होतं की पाच मॅच जिंकलो तर सगळं माफ. ही आशा सोळाव्या टीमलाही मिळते हाच तर फायदा आहे.

डाव्या_हाताचा

म्हणजे सीझनभर झोपा काढायच्या आणि एका आठवड्यात पास व्हायचं. वा!

बर्मिंगहॅमची_वहिनी

अहो पण झाले का पास? नाही ना! मग कसला अन्याय?

खडूस_कोथरूड

मी बेसबॉल फक्त रात्री झोप येत नाही म्हणून बघतो, तरी एक शंका. तुम्ही सगळे एसईसीच्या श्रीमंत टीमबद्दल बोलताय. ज्या लीगमधून एकच टीम जाते तिथे काय होतं?

डेटा_देशपांडे

बरोबर जागी बोट ठेवलंत. तिथे टूर्नामेंट म्हणजे जीवनमरण. २०२३ ला ओरल रॉबर्ट्सने समिट लीगमध्ये सगळ्यांना धुवून काढलं होतं, तरी टूर्नामेंटला सगळं पणाला लावून उतरावं लागलं. तिथे दोन दिवस वाईट गेले असते तर अख्खा सीझन राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड समितीच्या मर्जीवर. जिंकले, चौथ्या सीडवरून रीजनलमध्ये गेले आणि थेट ओमाहाला पोचले. उलट बाजू अशी की उत्तरेकडच्या टीमना सीझनच्या सुरुवातीला घरी बर्फ असतो, महिनाभर बाहेरच खेळत फिरतात, त्यांचा खेळ मे मध्ये कुठे जमतो. त्यांच्यासाठी टूर्नामेंट हीच खरी परीक्षा. म्हणून छोट्या लीगची काढू नका असं मी म्हणेन, एसईसीची काढली तर राष्ट्रीय स्पर्धेचं फार काही बिघडणार नाही.

बॅटनरूजचा_बाब्या

देशपांडे तुम्ही पण फितूर!

डेटा_देशपांडे

फितूर नाही हो, "बिघडणार नाही" म्हणालो, "काढा" नाही म्हणालो. एसीसीने (पूर्वेकडची मोठी कॉन्फरन्स) तर बारा टीमचे तीन-तीनचे गट केले होते, गटात तिघांची बरोबरी झाली की वरचं सीड पुढे. म्हणजे वरच्या टीमने एक मॅच जिंकली की बरेचदा काम झालं आणि कधीकधी गटातली शेवटची मॅच निव्वळ प्रॅक्टिस. शेवटी त्यांनीही २०२५ ला सिंगल एलिमिनेशन घेतलं. त्या मानाने हूवर खूपच बरं होतं.

बर्मिंगहॅमची_वहिनी

आणि नवीन गोष्टी करून बघायला पण हाच आठवडा बरा पडतो. २०२५ ला बॉल-स्ट्राइकवर मशीनकडे दाद मागायची सोय इथे वापरली, अंपायरचा निर्णय पटला नाही की बॅटर डोक्यावर हात लावतो आणि स्क्रीनवर लगेच दिसतं. लोक प्रत्येक चॅलेंजला ओरडत होते. लीगच्या मॅचमध्ये असले प्रयोग कोण करू देणार?

डाव्या_हाताचा

ठीक आहे, तडजोड सांगतो. वरच्या आठच टीम घ्या, सिंगल एलिमिनेशन, शुक्रवार ते रविवार, तीन दिवसांत खेळ खल्लास. मंगळवार ते गुरुवार पोरं झोपू देत.

बर्मिंगहॅमची_वहिनी

आणि आरव्हीवाले मंगळवारपासून येऊन काय करणार, भजी तळणार?

बॅटनरूजचा_बाब्या

आठ टीम चालेल मला, पण एलएसयू नववी आली त्या वर्षी हा नियम नको.