गल्लीतलं रामेनचं दुकान: तुमचे अनुभव लिहा

कावेरीकाठ
आज भाचीने पाकिटातल्या नूडल्स केल्या, वर अर्धं अंडं ठेवलं आणि टोकियोतल्या निशि-कासाईचे दिवस डोळ्यांपुढे आले. नवरा रात्री उशिरापर्यंत ऑफिसात, मी जपानीचा वर्ग आटोपून एकटी. स्टेशनामागे छोटं दुकान होतं. दारात नोरेन म्हणजे कापडी पडदा, आत शिरल्याशिरल्या तिकिटाचं यंत्र, मग एकच लांब काउंटर. एकटी बाई जेवायला बसलीय म्हणून कुणी वळूनही बघायचं नाही, त्याचंच मला केवढं बरं वाटायचं! शोयु रामेन घ्यायचे, म्हणजे सोया सॉसच्या रश्श्यातल्या शेवया. मी डुकराचे काप खात नाही हे ताइशोंनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, आपणहून हेरलं, आणि त्या जागी मेन्मा (बांबूचे मुरवलेले कोंब) जास्त घालायला लागले. बोलणं जवळपास नाहीच. त्या शहरात माझी आवडनिवड लक्षात ठेवणारं पहिलं माणूस ते. तुमचंही असं दुकान असेल तर सांगा ना.

पक्का_पुणेकर
फुकुओका! हाकाताचं तोन्कोत्सु!! डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळतात, रस्सा पांढराफटक होतो. शेवया बारीक, पटकन मऊ पडतात, म्हणून थोड्याच वाढतात. संपल्या की "काएदामा" म्हणायचं, ताज्या शेवया त्याच रश्श्यात. तेव्हा रस्सा आधीच पिऊन टाकू नका. शेवया कडक हव्या असतील तर "बारीकाता" सांगा.

मेतकूट
आम्ही शाकाहारी. नुसते काप काढून भागत नाही, रस्साच हाडांचा नाहीतर माशांचा असतो. टोकियो स्टेशनाच्या आत केइयो लाइनच्या बाजूला टीज तान्तान आहे, तिथे मांस-मासे-अंडी-दूध काहीच नाही. तान्तानमेन मागवलं, तिळाच्या तिखट रश्श्यातलं रामेन. सासऱ्यांनी वाडगं तोंडाला लावून शेवटचा घोट घेतला, सासूबाई बघतच राहिल्या 😄

दुर्वा_७
@मेतकूट कांदा-लसूण? आई चातुर्मासात येतेय

मेतकूट
विचारूनच घे गं. आणि काकूंना आमच्याकडे घेऊन ये, भाजणी आहे माझ्याकडे.

उत्तरवारा
साप्पोरो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) घातलेलं रामेन, वर मका आणि लोण्याचा तुकडा. रश्श्यावर चरबीचा थर असतो, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असला तरी शेवटपर्यंत गरम. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. घरी थांबवेना, तिथे जाऊन बसलो. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही, दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठवलं नाही. पाणी भरत राहिल्या.

कावेरीकाठ
@उत्तरवारा काय लिहू. त्या बाईंचं भलं होवो.

पक्का_पुणेकर
दादा 🙏

रंकाळा
फुकुशिमातल्या किताकाताला लोक सकाळी सातला रामेन खातात, "आसारा" म्हणतात. शेवया जाड, चपट्या, वळणदार. मी कोल्हापूरचा, सकाळी उठून मिसळ हाणणारा, मला ते गाव लगेच आपलं वाटलं. टोकियोवाल्यांनी एकदा मुक्कामाला जाच.

ओवी_आई
लेकाला भुरके मारायला मोकळीक मिळाली म्हणून त्याला रामेन आवडतं. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

पक्का_पुणेकर
@रंकाळा मिसळीबरोबर पाव की ब्रेड?

रंकाळा
ब्रेड. कोल्हापुरात स्लाइस ब्रेडच.

मेतकूट
नाशकात पाव! दुर्वा, व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.