'वयात येणे' की 'जाणते होणे'?

प्रश्न

निरनिराळ्या समाजांत मुलामुलींना मोठ्या माणसांत गणायला लागण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा मी अनुवाद करत आहे. मूळ लेखात 'कमिंग ऑफ एज' हा एकच शब्दप्रयोग सर्वत्र आला आहे आणि मी त्यासाठी 'वयात येणे' योजले होते. परंतु 'जपानमधील तरुण 20 व्या वर्षी वयात येतात' हे वाक्य लिहून झाल्यावर माझे मलाच हसू आले. 'वयस्क', 'प्रौढ' आणि 'सज्ञान' हे पर्याय समोर आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा? शिवाय ज्यूंच्या 'बार मित्झ्वा'ला 'ज्यूंची मुंज' म्हटले तर वाचकाला चटकन उमगेल. तसे म्हणावे का?

प्रतिसाद

आपल्याला हसू आले ते रास्तच आहे. 'वयात येणे' हा वाक्प्रचार मराठीत शरीराला बांधलेला आहे. मुलीच्या बाबतीत 'न्हाण येणे', 'पदर येणे', 'शहाणी होणे' ही त्याच घटनेची आडवळणाची नावे, तर मुलाच्या बाबतीत 'मिसरूड फुटणे'. या सगळ्या आपोआप घडणाऱ्या गोष्टी आहेत. त्या कोणी कोणाला बहाल करत नाही. आपला लेख ज्या रीतींविषयी आहे त्यांत मात्र समाज काहीतरी बहाल करतो, आणि ते शरीराच्या वेळापत्रकाप्रमाणेच होईल असे नाही.

'वयस्क' तर मुळीच घेऊ नये. हिंदीत त्याचा अर्थ सज्ञान व्यक्ती असा होतो, पण मराठीत 'वयस्क गृहस्थ' म्हटले की पिकल्या केसांचा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'प्रौढ' हा शब्द 'प्रौढ मतदान' किंवा 'प्रौढ शिक्षण' अशा जोडीत बरोबर चालतो, परंतु एकटा सोडला की चाळिशीकडे सरकतो. (वयाचे शब्द असे सरकतच असतात. संस्कृतातील एका प्रसिद्ध विभागणीनुसार 'पौगंड' म्हणजे पाचव्या वर्षानंतर दहाव्यापर्यंतचा काळ. आपण मात्र मिसरूड फुटण्याच्या वयाला पौगंडावस्था म्हणतो.)

'सज्ञान' हा कायद्याचा शब्द आहे आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द 'अज्ञान' हाही कायद्याचाच, म्हणून तर 'अज्ञान पालनकर्ता' (अल्पवयीनाचा पालक) या पदाने कोणाचा अपमान होत नाही. कायद्याला केवळ आकडा हवा असतो. जपानचेच उदाहरण घ्या. तेथे 1 एप्रिल 2022 पासून सज्ञानतेचे वय 20 वरून 18 वर आले. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी 'सेइजिन नो हि' ही सुट्टी असते आणि त्या सुमारास गावोगावी तरुणांचे सोहळे होतात. 'सेइजिन' लिहिताना 'होणे' आणि 'माणूस' अशी दोन अक्षरे लिहितात. म्हणजे 'माणूस झालेला'. कायदा बदलल्यावर हे सोहळेही 18 व्या वर्षी आणता आले असते, परंतु जानेवारी हा त्या वयाच्या मुलांचा विद्यापीठ प्रवेश परीक्षांचा काळ असल्याने बहुतेक ठिकाणी सोहळा 20 व्या वर्षीच ठेवला गेला आणि त्याचे नावच बदलून अनेक गावांनी 'हाताची नो त्सुदोइ', म्हणजे 'विशीच्या तरुणांचा मेळावा', असे केले. 'हाताची' हा वीस वर्षांच्या वयासाठीचा खास शब्द आहे. तेव्हा आपल्या वाक्यात 'सज्ञान' आणि 'सोहळा' हे दोन्ही शब्द लागतील, आणि त्यांची वये वेगळी लिहावी लागतील.

आता 'ज्यूंची मुंज'. असे म्हणणे ऐकायला गोड असले, तरी त्यामुळे वाचकाला जे उमगते ते चुकीचे असते. 'बार' म्हणजे अरामी भाषेत पुत्र आणि 'मित्झ्वा' म्हणजे आज्ञा. हे विधीचे नाव नसून आज्ञांनी बांधल्या गेलेल्या मुलाचे नाव आहे. मुलगा 13 वर्षांचा झाला की तो बार मित्झ्वा होतोच, मग समारंभ करा वा करू नका. मुलीसाठी 'बात मित्झ्वा' म्हणतात आणि परंपरेने तिचे वय 12 धरतात. उपनयन या शब्दात गुरूजवळ नेणे आहे, म्हणजे अध्ययनाचा आरंभ. बार मित्झ्वा झालेला मुलगा मात्र आधी तयारी करून आलेला असतो आणि समुदायापुढे तोरा या धर्मग्रंथातील भाग वाचतो. मुंजीत ज्याची सुरुवात होते ते इथे आधीच झालेले असते.

नाव व्यक्तीचे की समारंभाचे, हा घोटाळा आणखी एका शब्दात होतो. मेक्सिकोत आणि इतर स्पॅनिशभाषक देशांत 15 वर्षांच्या मुलीचा मोठा सोहळा असतो. इंग्रजीतून तो 'किन्सेआन्येरा' या नावाने आपल्यापर्यंत पोचला, परंतु मूळ स्पॅनिशमध्ये 'किन्सेआन्येरा' ही ती मुलगी असते. 'त्यांनी किन्सेआन्येरा साजरी केली' या वाक्यावर स्पॅनिश जाणणारा वाचक नक्की अडखळेल.

मला सर्वांत बोलके वाटते ते दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांचे उदाहरण. त्यांच्याकडे दीक्षा न झालेला तो 'इन्क्वेन्क्वे', मग त्याचे वय काहीही असो. वस्तीपासून दूर दीक्षेच्या काळात राहतो तो 'उमख्वेता'. नुकताच परतलेला 'इक्र्वाला'. आणि पुरुष म्हणजे 'इंदोदा'. नेल्सन मंडेला यांची दीक्षा 1934 साली, वयाच्या 16 व्या वर्षी, म्बाशे नदीच्या काठी झाली. सुंता होताच मुलाने 'न्दियिंदोदा', म्हणजे 'मी पुरुष आहे', असे ओरडायचे असते. ते वाक्य उच्चारणे हाच विधीचा एक भाग आहे. अशा माणसाविषयी 'तो वयात आला' असे लिहिले, तर चार शब्दांचे काम एका शब्दाने, तेही नको त्या शब्दाने, उरकल्यासारखे होईल.

मधल्या 'उमख्वेता'सारख्या अवस्थेसाठी अभ्यासकांनी लॅटिनमधील उंबरठ्याचा शब्द उचलला. आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी 1909 साली अशा विधींचे विलग होणे, मधली अवस्था आणि पुन्हा सामावले जाणे असे तीन टप्पे सांगितले. पुढे झांबियातील न्देंबू लोकांमध्ये काम केलेल्या व्हिक्टर टर्नर यांनी मधल्या टप्प्यावर विशेष विचार केला. आपल्याकडे 'तारुण्याच्या उंबरठ्यावर' हा प्रयोग आयता असल्याने तो वापरण्याचा मोह होईल, पण त्यात लवकरच आत जाणार एवढाच अर्थ आहे. टर्नर यांच्या उंबरठ्यावरचा माणूस ना आतला ना बाहेरचा असतो.

माझे मत असे की, संपूर्ण वर्गासाठी 'संक्रमणविधी', फलितासाठी 'जाणते होणे', आणि प्रत्येक रीतीचे तिचे स्वतःचे नाव.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी 'विधी' हा शब्द सरसकट लावू नये असे वाटते. अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या 'रुमश्प्रिंगा'ला इंग्रजी लेखांत बहुधा अशा यादीत बसवलेले असते. पेनसिल्व्हेनियातील त्यांच्या जर्मन बोलीत त्या शब्दाचा अर्थ 'इकडेतिकडे धावणे' असा आहे, आणि तो साधारण 16 व्या वर्षी सुरू होणारा मोकळिकीचा काळ आहे. त्याचा शेवट होतो तो तरुणाने स्वतः समजून घेतलेल्या बाप्तिस्म्याने. विधी म्हणायचे तर त्यालाच म्हणावे. तसेच वानुआतूतील पेंटेकोस्ट बेटावर पायांना वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून घेतल्या जाणाऱ्या उड्या मूलतः सुरणासारख्या 'याम' या कंदाच्या पिकाशी निगडित आहेत. मुलगेही खालच्या फळ्यांवरून उडी घेतात, म्हणून त्या यादीत शिरल्या असाव्यात, पण तसे असल्यास दोन्ही बाजू लिहाव्यात.

'जाणते होणे' याविषयी एक शंका: जाणता म्हटले की शहाणपण आले असे ध्वनित होते, आणि समाज तर ते येण्याची वाट न पाहताच दर्जा देऊन टाकतो. 'मोठ्यांत गणले जाणे' हे लांबलचक असले तरी नेमके आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचाही आभारी आहे. 'ज्यूंची मुंज' खोडली. 'रुमश्प्रिंगा'पुढे 'काळ' लिहिले. जपानचे वाक्य आता असे झाले आहे: 'कायद्याने 18 व्या वर्षी सज्ञान झालेले तरुण 20 व्या वर्षी सोहळ्याला जमतात आणि मोठ्यांत गणले जातात.' 'जाणते होणे' मी केवळ शीर्षकात ठेवले आहे, कारण 'मोठ्यांत गणले जाणे' तिथे मावत नाही.